डोंगरातली सीताफळे एकसारखी का नसतात?



आपल्यापैकी काहींनी विचारले आहे, "वस्तीवरच्या कुटुंबांना सगळी कलमी सीताफळाचीच रोपे का देत नाही? फळ मोठे, बिया कमी, भावही चांगला." प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी डोंगरातल्या सीताफळाविषयी थोडे सांगतो.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. धारूर-अंबाजोगाईकडच्या बालाघाटाच्या उतारांवर ही झाडे कोणी न लावता वाढली आहेत. पाला शेळ्या खात नाहीत, म्हणून ती चराऊ रानातही टिकतात. पारधी आणि भिल्ल कुटुंबांतल्या बायका दसरा-दिवाळीच्या सुमारास फळे तोडून बाजारात नेतात. ऊसतोडीला निघण्याआधी हाती येणारा हा पैसा असतो. त्यांच्याबरोबर फिरताना मी पाहिले, की त्या झाड न् झाड ओळखतात. एकाचे डोळे मोठे, दुसऱ्याचा गर रवाळ, तिसरे उशिरा पिकणारे.

जात एकच, मग हा फरक कसा? सीताफळाच्या फुलात स्त्री आणि पुरुष असे दोन्ही भाग असतात, पण ते एकाच वेळी तयार होत नाहीत. आधी स्त्रीभाग, मागाहून पराग. त्यामुळे बारीक भुंगेरे दुसऱ्या फुलाचा, कधी दुसऱ्या झाडाचा पराग आणतात. अशा बीमध्ये दोन झाडांचे गुण मिसळतात. कधी जनुकांत लहानसा बदल आपोआप होतो, त्याचीही भर पडते. यालाच जनुकीय विविधता म्हणतात. पुढे निसर्ग निवड करतो. ज्या रोपाला दुष्काळ सोसतो ते जगते.

ही विविधता घटतेही. सीताफळ मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. तिथल्या विविधतेचा थोडाच भाग बियांबरोबर आपल्याकडे आला असणार. डोंगर साफ झाला, झाडे मोजकीच उरली, की काही गुण केवळ योगायोगानेही कायमचे हरवतात. आणि आपणच एकाच प्रकारची लागवड करू लागलो तर उरलेलेही जातात.

कलम म्हणजे मूळ झाडाची नक्कल. त्यात गुण खात्रीने उतरतात, हा फायदाच आहे. पण जो रोग एका झाडाला जड जाईल, तो साऱ्या बागेला जड जाईल. आयर्लंडमधले गरीब लोक मुख्यतः एकाच वाणाच्या बटाट्यावर जगत होते, आणि तो कंदाच्या फोडी लावूनच वाढवत. १८४५ साली करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराईने गेली. त्यामागे सरकारी धोरणाचे दोषही होते, पण पीक एकदम बसले ते या एकसारखेपणामुळे.

शिवाय नवी कलमे येतात कुठून? आज गाजणारे 'गोल्डन' सीताफळ बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी आपल्या बागेतल्या झाडांतून निवडले. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राच्या 'धारूर-६' वाणाच्या तर नावातच आपले डोंगर आहेत. कलमाचा खुंटसुद्धा बहुधा गावठी बियांचाच असतो.

म्हणून आम्ही दोन्ही रोपे देतो. पैशासाठी कलमे, आणि बांधावर गावठी. गावठी रोपांसाठी बी एकाच चांगल्या झाडाचे न घेता निरनिराळ्या उतारांवरच्या पुष्कळ झाडांचे घ्यायचे, आणि ती झाडे बायकांनीच दाखवायची. प्रत्येक झाडावर चार चांगली फळे बियांसाठी राखावीत, असेही आम्ही वस्तीवर सांगतो. नाहीतर चांगले तेवढे बाजारात जाते आणि हलक्या फळाचे बी डोंगरात उरते.

आपण रोपांसाठी मदत पाठवाल तेव्हा गावठी रोपांचाही वाटा त्यात असू द्यावा, ही विनंती. पुढच्या दुष्काळात कोणते झाड तग धरेल हे आज कोणालाच सांगता येत नाही, म्हणून अनेक प्रकारची झाडे राखायची.