बहुतेक, कदाचित आणि सोळा आणे : मुलांना शक्यतेची भाषा

गेल्या व्याख्यानात आपण 'कारण' या शब्दाचा पाठपुरावा केला. आज त्याचा सख्खा शेजारी, 'शक्यता'. विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, की हा तर गणिताचा विषय, तुम्ही तत्त्वज्ञानवाले यात कशाला पडता? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की गणित सुरू होण्याआधी मुलाच्या तोंडात शब्द असतात आणि त्या शब्दांची नीट विचारपूस कोणी करत नाही. ती आज आपण करू.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात 'संभाव्यता' हे स्वतंत्र प्रकरण दहावीला येतं, गणित भाग १ मध्ये. तिथे यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश, घटना असे भारदस्त शब्द भेटतात. फासा टाकला, सम संख्या येण्याची संभाव्यता किती? तीन भागिले सहा. गुण मिळाले, पुढचं प्रकरण. पण हे मूल तेव्हा पंधरा वर्षांचं असतं आणि 'बहुतेक आज बाबा उशिरा येतील' हे वाक्य ते बारा वर्षं बोलत आलेलं असतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्याला कोणीच सांगत नाही. आणखी गंमत बघा. मराठीच्या तासाला, व्याकरणात, क्रियापदाचे अर्थ शिकवताना विध्यर्थ येतो. विध्यर्थातून काय काय व्यक्त होतं? कर्तव्य, इच्छा, योग्यता आणि शक्यता. म्हणजे शक्यता हा विषय मराठीच्या बाईंनी आधीच काढलेला असतो. गणिताच्या सरांना ते माहीत नसतं आणि मराठीच्या बाईंना पुढे काय येणार आहे ते माहीत नसतं.

आपल्या भाषेकडे या बाबतीत चांगलंच भांडवल आहे. 'तो येणार' आणि 'तो येईल' यातला फरक पाच वर्षांच्या मुलाला कळतो. 'येणार' म्हटलं की ठरलेलं आहे. 'येईल' म्हटलं की वाट बघा. 'तो घरी आहे' म्हणजे बघितलंय. 'तो घरी असेल' म्हणजे अंदाज. 'तो घरी असावा' म्हणजे अंदाजाला काहीतरी आधार आहे, निदान चपला तरी दारात दिसल्या आहेत. म्हणजे आपली क्रियापदंच पुरावा तोलतात. पण हा तोल मुलाच्या कानात असतो, डोक्यात नसतो. वर्गात तो एकदा उघड करून दाखवावा लागतो. 'पाऊस पडला', 'पडला असेल', 'पडला असावा' ही तीन वाक्यं फळ्यावर लिहून विचारावं, कोणतं वाक्य कोण बोलेल? खिडकीतून पाहणारा, अंथरुणात पडलेला, की सकाळी अंगण ओलं बघणारा? तिसरीतली मुलंसुद्धा यावर भांडतात, आणि छान भांडतात.

आता 'बहुतेक' हा शब्द घेऊ. 'बहुतेक मुलांनी डबा खाल्ला' आणि 'बहुतेक मुलांनी डबा खाल्ला असेल'. पहिल्या वाक्यात 'बहुतेक' म्हणजे जास्तीत जास्त मुलं, मोजून सांगता येईल अशी गोष्ट. दुसऱ्यात काय? त्यात दोन अर्थ आहेत. एक, मुलांपैकी बरीचशी. दोन, 'मला असं वाटतं, की खाल्ला असेल'. पहिला अर्थ जगाविषयी आहे, दुसरा आपल्या खात्रीविषयी. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९७५ साली संभाव्यतेच्या उगमावर पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा हाच, की सतराव्या शतकात ही कल्पना जन्मली तीच दोन तोंडांची. एक तोंड वारंवारतेकडे, म्हणजे किती वेळा घडतं याकडे. दुसरं तोंड विश्वासाकडे, म्हणजे किती धरून चालावं याकडे. दोन्ही तोंडं एका शब्दात बसवायला विद्वानांना ग्रंथ लिहावे लागले, मराठीने ते 'बहुतेक'मध्ये फुकट करून ठेवलं आहे. मात्र फुकट मिळालेल्या गोष्टीचा घोटाळाही होतोच. म्हणून मुलाने 'बहुतेक' म्हटलं की आपण हळूच विचारावं, 'मोजून सांगतोयस की अंदाजाने?' एवढा एक प्रश्न घरात रुजला तरी पुष्कळ झालं.

याउलट काही शब्द काहीच सांगत नाहीत. वर्तमानपत्रातलं लाडकं वाक्य आठवा, 'शक्यता नाकारता येत नाही'. कशाची नाकारता येते? उद्या इथे हत्ती येण्याचीही नाकारता येत नाही. हे वाक्य मुलांना शिकवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुलांच्या बोलण्यातला सगळ्यात मोठा अडथळा मात्र दुसराच आहे, 'फिफ्टी-फिफ्टी'. सामना जिंकू का? फिफ्टी-फिफ्टी. लॉटरी लागेल का? लागेल किंवा नाही लागणार, फिफ्टी-फिफ्टी. दोन पर्याय दिसले की दोघांना सारखा वाटा. हसण्यासारखं नाही हे. फ्रान्समध्ये दालांबेर हा पहिल्या फळीतला गणिती, त्याने १७५४ साली विश्वकोशात लिहिलं, की नाणं दोनदा उडवून एकदा तरी छापा येण्याची शक्यता दोन तृतीयांश. त्याचा हिशेब असा : पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला. नाहीतर काटा मग छापा, किंवा काटा मग काटा. तीन प्रकार, दोन आपल्या बाजूचे. प्रकार मोजले बरोबर, पण तिन्ही सारख्या वजनाचे आहेत का, हे विचारलं नाही. 'पहिल्यांदाच छापा' यात दोन प्रकार दडलेले आहेत, कारण पुढचं नाणं उडवलं असतं तर छापाही आला असता, काटाही. खरं उत्तर चारात तीन.

आपल्या न्यायदर्शनात याला नेमके शब्द आहेत. गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशय येतो. अंधुक उजेडात समोर उभा आहे तो खांब की माणूस? संशयाच्या या दोन बाजूंना 'कोटी' म्हणतात. पुढच्या नैयायिकांनी संभावनेची व्याख्या केली ती अशी, की संभावना म्हणजे उत्कटकोटिक संशय. ज्या संशयात एक बाजू वरचढ झाली आहे तो. दोन कोटी आहेत म्हणजे दोन्ही समान आहेत असं नव्हे. 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणणारं मूल संशयापर्यंत पोचलेलं आहे, संभावनेपर्यंत नाही. त्याला तिथून एक पायरी वर न्यायचं, एवढंच काम.

कसं न्यायचं? इथे आम्ही एक जुनी मोजपट्टी सुचवतो. रुपया १९५७ साली दशमान झाला, पण 'सोळा आणे खरं' अजून मराठीतून गेलेलं नाही. पिकाचा अंदाज आजही गावाकडे आणेवारीने सांगतात, सरकारी कागदावर पैसेवारी झाली तरी. शून्य आणे म्हणजे अशक्य, सोळा आणे म्हणजे नक्की, आठ आणे म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. टक्के लहान मुलाला जड जातात, पण सोळाचं निम्मं, त्याचं निम्मं, त्याचं निम्मं हे खेळातही जमतं. 'आज डब्यात भाजी असण्याची शक्यता किती आणे?' 'चौदा.' 'का चौदा? सोळा का नाही?' या 'का'मध्ये सगळं शिक्षण आहे. दालांबेरचा प्रश्नही या मापात बारा आण्यांचा.

आता चार चिंचोके घ्या, फोडून प्रत्येकाचा एक अर्धा ठेवा. एक बाजू पांढरी, दुसरी काळी. अष्टा-चम्मा खेळायला आपल्याकडे हेच वापरतात, किंवा कवड्या. चारही टाकले तर किती प्रकारे पडू शकतात? प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, बरोबर सोळा. रुपयाचे आणे! चारही पांढरे, एक आणा. तीन पांढरे, चार आणे. दोन पांढरे, सहा आणे. एक पांढरा, चार आणे. एकही नाही, एक आणा. बेरीज करा, सोळा. आता खेळाचे नियम बघा. चारही उताणे पडले तर चम्मा, चारही पालथे पडले तर अष्टा, म्हणजे आठ घरं. या दोन्हींवर परत टाकायला मिळतं. जे क्वचित पडतं त्याला बक्षीस जास्त. ज्यांनी हा खेळ रचला त्यांनी सूत्र लिहिलं नसेल, पण हाताला माहीत होतं.

पण पुढची पायरी विसरू नका. हा हिशेब चिंचोक्याच्या दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असं धरून आहे. पडतात का? मुलांना शंभर वेळा टाकू द्या आणि वहीत खुणा करू द्या. एक बाजू फुगीर, एक सपाट. कवडीचं तर विचारूच नका. दिवस संपेपर्यंत मुलांना कळतं, की 'समसंभाव्य' हा पुस्तकातला शब्द गृहीतक आहे आणि ते तपासावं लागतं. दहावीच्या पुस्तकात नाणं नेहमी चांगलंच असतं, म्हणून हा प्रश्न उठतच नाही. आमच्या मते कारखान्यातल्या फाशापेक्षा वाकडातिकडा चिंचोका चांगला शिक्षक आहे.

वयाचा प्रश्न येतोच. पियाजे आणि इनहेल्डर यांनी १९५१ साली मुलांमधल्या योगायोगाच्या कल्पनेवर पुस्तक लिहिलं. एका खोक्यात एका बाजूला एका रंगाचे मणी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या. खोकं हलवलं तर काय होईल? लहान मुलं सांगत, मणी परत आपापल्या जागी जातील. मिसळलेलं पुन्हा आपोआप वेगळं होत नाही, हे उमजायला वेळ लागतो. त्यावरून शाळांनी निष्कर्ष काढला, की थांबावं. फिशबाइन यांनी १९७५ साली उलटी बाजू मांडली. मुलांना अंदाजाची जाण लवकर असते, शाळाच ती मारते, कारण शाळेत प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं. आमचा कल फिशबाइनकडे आहे. अपूर्णांक नंतर येऊ देत, शब्द आधी यावेत.

आणि हे सगळं कशासाठी, तर इथे पोट दुखावं असं काहीतरी आहे. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आहे. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून तो गुण बाळगणारे असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चार आणे. आता हे मराठीत सांगतात कसं? 'चार मुलांपैकी एकाला होतो.' वाक्य चुकीचं नाही, पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं? वाटणी ऐकू येते. पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे आपल्या वाट्याचं झालं, पुढची तीन ठीक. किंवा पहिली दोन ठीक निघाली, म्हणजे आता पाळी आली. दोन्ही समजुती घातक, आणि दोन्ही त्या 'पैकी'तून निघतात. हिशेब करून पाहू. अशा आईवडिलांना चार मुलं झाली तर एकालाही आजार नसण्याची शक्यता सुमारे पाच आणे. बरोबर एकालाच असण्याची पावणेसात आणे. दोघांना किंवा जास्तींना असण्याची चार आण्यांहून किंचित जास्त. म्हणजे 'चारांत एक' हे अक्षरशः खरं ठरणं रुपयात आठ आणेही नाही. सांगायचं ते असं : 'प्रत्येक खेपेला डब्यात त्याच चार चिठ्ठ्या असतात. एक निघाली की ती परत डब्यात जाते.' तीन मुलींनंतर 'आता तरी मुलगा' म्हणणाऱ्या घरातही हाच डबा आहे. तिथे त्या चुकीची किंमत कोण मोजतं ते आपल्याला माहीत आहे.

पावसाचं थोडक्यात सांगतो आणि थांबतो. गिगरेन्झर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच शहरांतल्या लोकांना विचारलं होतं, 'उद्या पावसाची शक्यता तीस टक्के' याचा अर्थ काय? युरोपातल्या चारही शहरांत बहुसंख्य लोक अर्थ चुकले. उद्या तीस टक्के वेळ पाऊस पडेल, असं पुष्कळांना वाटलं. खरा अर्थ, उद्यासारख्या दिवसांपैकी तीस टक्के दिवशी पाऊस पडतो. आपल्या हवामान खात्याचं 'तुरळक ठिकाणी' हे तिसरंच काही सांगतं. त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, म्हणजे चार आण्यांच्या आत. पण हे आणे जागेचे आहेत, खात्रीचे नाहीत. 'तुरळक ठिकाणी पाऊस पडेल' असं खातं सोळा आणे खात्रीनेही म्हणू शकतं. मुलांकडून जूनभर एक तक्ता भरून घ्या. एका रकान्यात सकाळी स्वतःचा अंदाज आण्यांत, दुसऱ्यात संध्याकाळी पाऊस आला की नाही. महिन्याच्या शेवटी, ज्या दिवशी बारा आणे म्हटलं त्या दिवसांपैकी किती दिवस पाऊस आला, ते मोजायचं. चारांत तीन आले असतील तर मूल स्वतःचे शब्द नीट वापरतं. एखाद्या दिवशी बारा आणे म्हणूनही कोरडा गेला, तर तो खोटा ठरला असं नाही, हेही त्याला तिथेच दिसतं. तक्ता मोठ्यांनी भरला तरी चालेल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.