एका मुठीत चार हत्यारे

पितळेचा एक जुना पेचकस मी नेहमी जवळ बाळगतो. वरून पाहिले तर तो एकच दिसतो. पण मुठीचे टोक आट्यावर फिरवून उघडले की पोकळ मुठीतून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा. मुलांना ही जादू वाटते. जादू कसली! तो लेथवर उभ्या राहणाऱ्या कारागिराचा हिशेब आहे.

स्क्रू फिरतो तो बोटांच्या जोराने आणि मुठीच्या जाडीने. जोर तेवढाच ठेवला, तर २० मिलिमीटर जाडीच्या मुठीने जेवढा पीळ बसतो त्याच्या निम्माच १० मिलिमीटरच्या मुठीने बसतो. एकात एक मावायचे म्हणून आतल्या पेचकसाची मूठ बारीक करावीच लागते; परिणामी बारीक स्क्रूच्या वाट्याला बारीकच मूठ येते आणि घाईतही त्याची खाच सहसा बिघडत नाही. अडचणीतून शिस्त निघाली ती अशी. पितळ लेथवर सुबक कापले जाते, त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. पाते मात्र पोलादाचे हवे. पितळ खाचेत लगेच झिजेल.

अनेक कामे एकाच मुठीवर बसवणारी दुसरी जात आहे. १८९१ साली स्वित्झर्लंडच्या सैन्यात शिपायांना असा चाकू मिळाला. त्यात पाते, आरी, डबा उघडण्याचे हत्यार आणि पेचकस होता. पेचकस कशाला? १८८९ सालची नवी बंदूक खोलायला. इथे मूठ सर्वांना एकच, म्हणजे ती कोणत्याच कामाला नेमकी नाही. पण शिपायाला सारा संसार अंगावर वाहायचा असतो. त्याच्यासाठी ही तडजोड शहाणपणाची आहे.

तीच तडजोड कारखान्यात आणली तर? आमच्या भागातील एका कारखान्यात काटकसर म्हणून फिटरांच्या पेटीतले पाने काढून घेतले आणि प्रत्येकाला एकेक 'सर्वकामी' पक्कड दिली. नटावरून ती निसटली आणि आमच्या एका सोबत्याचे बोट चिरडले. आम्ही मागितले ते एवढेच : प्रत्येक मापाचा पाना. पाने परत मिळाले. बोट गेले ते गेलेच.

तेव्हा हत्यार पाहताना किती कामे करते एवढेच विचारू नका. ते कुठे वापरायचे आणि कुणाच्या हातात द्यायचे, हेही विचारा. माझा पितळी पेचकस प्रवासात सोबत असतो. कामावर मात्र भरलेली पेटीच हवी.