नित्याच्या पानाचा शिरस्ता

काशीच्या पंचगंगा घाटाशेजारी, पेशवाईच्या काळाशी नाते सांगणारा जो बालाजी घाट आहे, त्याच्या पाठीमागील पक्क्या महालाच्या गल्ल्यांतून आणि जवळच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या परिसरातून मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली. देश सुटला तरी डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी आणि मध्ये वरणभात हा पान वाढण्याचा शिरस्ता मराठी घर सहसा सोडीत नाही. वजन आटोक्यात ठेवण्याच्या नाना तजविजी आज सुचविल्या जात असताना या शिरस्त्याकडे नव्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. कारण देहाचा भार वाढतो तो एखाद्या मेजवानीने नव्हे, तर नित्याच्या आहाराने, आणि उतरतो तोही त्याच मार्गाने.

काशीची रसना मोठी समृद्ध. सकाळची कचोरी-जिलेबी, कुल्हडातील लस्सी, रबडी आणि हिवाळ्यात केशराने पिवळसर झालेला दुधाच्या फेसाचा मलइयो यांचे माहात्म्य कोणीही नाकारणार नाही. परंतु एक ग्रॅम तेल किंवा तूप सुमारे 9 उष्मांक देते, तर तितकेच पिष्ट, साखर किंवा प्रथिन सुमारे 4 देते. त्यामुळे तळलेल्या आणि पाकात मुरलेल्या पदार्थांत पोट भरण्याच्या आधीच दिवसाच्या गरजेचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. हे पदार्थ वर्ज्य करावेत असे मुळीच नव्हे. सणाचे पदार्थ सणालाच शोभतात, एवढेच. रोजच्या न्याहारीला पोहे-उपम्यात मटार-गाजर सढळ हाताने घालावे, मोडाची उसळ करावी किंवा त्याच प्रदेशात सुलभ असलेले चण्याचे सातू पाण्यात कालवून, लिंबू पिळून घ्यावे. त्यातील प्रथिनांमुळे व तंतूंमुळे भूक दीर्घकाळ शमते.

आपण किडकिडीत आहोत, तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे समजणाऱ्यांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण ध्यानात घ्यावे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व इंग्लंडमधील जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा बीएमआय हा निर्देशांक दोघांचाही 22.3 होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्या ठिकाणी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या ठिकाणी 21.2 टक्के भरली. म्हणून भारतीयांनी केवळ तराजूवर भिस्त न ठेवता कंबरेचा घेरही मोजावा. तो पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे.

आता पानाचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनाचा इत्यर्थ असा की, ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळांनी भरावा, आणि उरलेल्यात धान्य, डाळी, दूध-दही व मूठभर सुका मेवा यांची सांगड घालावी. आपल्या पानात कोशिंबिरीला जागा आहे, परंतु ती चमचाभरच वाढली जाते. भाजीही बहुधा पोळीला लावण्यापुरतीच. हे प्रमाण उलटविले, म्हणजे काकडी-मुळ्याची कोशिंबीर वाटीभर, पालेभाजी दोन वाट्या, घट्ट वरण वाटीभर आणि भाताचा मात्र एकच लहानसा ढीग असा बंदोबस्त केला, तर पाककृती एकही नवी शिकावी लागत नाही. महिन्याचे तेल मोजून आणावे, चहातील साखर क्रमाक्रमाने कमी करावी आणि शीतपेयाऐवजी पातळ ताक प्यावे.

किती खावे, याचा दंडक वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त घालून दिला आहे: जठराचे दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा आणि चौथा मोकळा सोडावा. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोहोचण्यास साधारणतः वीस मिनिटे लागतात; सावकाश चावून, चित्त अन्यत्र न ठेवता जेवणारा मनुष्य म्हणून थोडक्यात तृप्त होतो. रात्रीचे जेवण हलके आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी असावे.

उपवासाविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीला तंतोतंत लागू पडते. पिष्ट, तूप आणि दाण्याचे कूट यांच्या योगाने त्या दिवशी नित्याहून अधिक उष्मांक सहज पोटात जातात. फळे, दही आणि भगर माफक प्रमाणात घेतल्यास व्रतही सांभाळले जाते आणि प्रकृतीही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून उपास करू नये, कारण रक्तातील साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतू शकते.

ज्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज करीत, त्या मंदिराच्या सान्निध्यात सातत्याचे मोल निराळे सांगावयास नको. आहाराचेही तसेच आहे. घाटाच्या पायऱ्या रोज चढणाऱ्याला व्यायाम आपसूक घडतो. इतरांनी नित्य चालण्याचा नेम धरावा. मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के इतकी घटही रक्तदाब आणि साखर सुधारण्यास उपकारक ठरते, आणि आठवड्याला अर्धा किलो हा वेग त्यासाठी पुरेसा आहे. महिन्याभरात कायापालट घडविण्याची हमी देणाऱ्या योजनांमागे लागून अन्नाशी वैर धरण्यापेक्षा, घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एकाच स्वयंपाकातले, भाजीने भरलेले पान जेवावे. ज्याचे वजन वाढले आहे त्याला वेगळे ताट आणि वेगळी वागणूक देण्याची गरजच मग उरत नाही, आणि लहान मुलांना तीच सवय अनायासे लागते.