डेंग्यूच्या रुग्णालयीन रुग्णांमधील मृत्यूचे जोखीम घटक : एक विवेचन

प्रस्तावना :

पावसाळा व त्यानंतरचे काही आठवडे हा भारताच्या बहुतांश भागात डेंग्यूचा मुख्य हंगाम असतो. १९९६ मध्ये दिल्लीत आलेल्या साथीत दहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली व चारशेहून अधिक रुग्ण दगावले. या विषाणूवर रामबाण औषध आजही उपलब्ध नाही. तरीही तीव्र डेंग्यूत उपचाराअभावी २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकणारे मृत्यूचे प्रमाण योग्य उपचारांनी १ टक्क्याच्या खाली आणता येते. औषध नसतानाही एवढा फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर मृत्यूच्या जोखीम घटकांत सापडते. प्रस्तुत लेखात त्या घटकांचे विवेचन केले आहे.

मृत्यू कसा ओढवतो :

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे असून प्रामुख्याने एडिस इजिप्ती जातीच्या डासाची मादी त्यांचा प्रसार करते. आजाराच्या साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरू लागतो. नेमक्या याच वेळी काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपून छातीच्या व पोटाच्या पोकळीत साचू लागतो. रक्त घट्ट होते, नाडी जलद व क्षीण होते, हातपाय थंड पडतात. रक्तदाबाच्या वरच्या व खालच्या आकड्यांतील अंतर २० किंवा त्याहून कमी होणे हे शॉकचे लक्षण होय. शॉक लांबल्यास अवयवांचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते निकामी होतात व अंतर्गत रक्तस्राव सुरू होतो. झिरपण्याची ही अवस्था साधारणतः २४ ते ४८ तास टिकते. रुग्णाचे भवितव्य बहुधा याच काळात ठरते.

जोखीम घटकांचे वर्गीकरण :

१) रुग्णाशी निगडित घटक : तान्ही बालके, वृद्ध व गर्भवती स्त्रिया यांना धोका अधिक असतो. मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार व मूत्रपिंडाचे जुनाट विकार तो वाढवतात. पूर्वी एका प्रकारच्या डेंग्यूची लागण झालेल्या व्यक्तीस दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार तीव्र होण्याची शक्यता वाढते. क्यूबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली होती. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराच्या साथीत तेथे १५८ मृत्यू झाले.

२) आजाराशी निगडित घटक : जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या वर्गीकरणात धोक्याच्या लक्षणांना स्वतंत्र स्थान दिले. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्तस्राव, सुस्ती वा अस्वस्थता, यकृताची वाढ, तसेच प्लेटलेट वेगाने घटत असतानाच रक्ताचा घट्टपणा वाढणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. दाखल होतानाच शॉक, बेशुद्धी, मोठा रक्तस्राव अथवा यकृत वा मूत्रपिंड निकामी झाल्याची चिन्हे असल्यास मृत्यूची शक्यता बरीच वाढते.

३) उपचाराशी निगडित घटक : उशिरा दाखल होणे हा यातील प्रमुख घटक होय. अॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिरेतून द्यावयाचे द्रव कमी पडल्यास शॉक लांबतो. गरजेपेक्षा अधिक वा अधिक काळ दिल्यास फुप्फुसांत पाणी साचून श्वसन निकामी होते. म्हणून नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण व रक्ताचा घट्टपणा वारंवार तपासून द्रवाची मात्रा बदलत राहावी लागते.

प्लेटलेटविषयीचा गैरसमज :

सर्वसामान्यांचे सारे लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असते. परंतु केवळ तो आकडा घटला म्हणून मृत्यू ओढवत नाही. सिंगापूर व मलेशिया येथील प्रौढ रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तस्राव नसताना प्रतिबंधक म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळत नाही, असे आढळले. प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावपळ करताना शॉकची सुरुवात नजरेआड होणे, हा खरा धोका होय.

आकडेवारीची मर्यादा :

रुग्णालयांत मुख्यतः गंभीर रुग्ण दाखल होतात. त्यामुळे तेथील मृत्युदर संपूर्ण समाजास लागू करता येत नाही. तसेच एखादा घटक मृत्यूशी संलग्न आढळला, म्हणजे तो मृत्यूचे कारण ठरतोच असे नाही. प्लेटलेट देण्यात आलेल्या रुग्णांत मृत्यू अधिक दिसले, तरी ते रुग्ण मुळातच अधिक गंभीर असू शकतात.

निष्कर्ष :

वय व जुने आजार हे घटक ऐनवेळी बदलता येत नाहीत. विलंब, चुकीची औषधे व द्रवाचे अयोग्य प्रमाण हे मात्र टाळता येतात. उपचारांनी पडणारा फरक मुख्यतः याच घटकांमुळे पडतो. वसतिगृहातील विद्यार्थ्याचा ताप उतरला की तो बरा झाला असे मानून त्यास वर्गात पाठविले जाते. वस्तुतः त्यानंतरचे दोन दिवसच सर्वाधिक दक्षतेचे असतात. धोक्याचे एकही लक्षण दिसल्यास त्यास तत्काळ रुग्णालयात नेणे, ही जबाबदारी वसतिगृहप्रमुख व प्राध्यापक या नात्याने आपणा सर्वांची आहे.