विंडोज ११ येणार, येणार... पण आपल्या मशीनवर चालणार का?

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. के.जी.पासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की मला घाम फुटतो. 'फिफ्टी नाइन' म्हटलं की चटकन कळतं, 'एकोणसाठ' म्हटलं की मनातल्या मनात उजळणी करावी लागते. तरीही मराठी विभागाच्या संपादकांनी "तुला जे कळतं ते लिही" असा हट्ट धरला, म्हणून हा लेख. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

मला कळतं ते एवढंच, की नवीन ऑपरेटिंग सिस्टिम यायची असली की आपल्यासारख्यांच्या अंगात येतं. होस्टेलच्या मेसमध्ये भात थंड होतो, पण 'नवीन स्टार्ट मेन्यू कसा असेल' ही चर्चा थंड होत नाही. ही अंदाजबाजी नेमकी चालते कशी, कुठल्या खुणेवर किती विश्वास ठेवावा, आणि त्यात आपण हमखास चुकतो कुठे, हे मी विंडोज ११ च्या उदाहरणावरून सांगणार आहे. माझ्या एका अंदाजापायी माझ्या मामाचे अठ्ठावीस हजार रुपये लागले, तीही गोष्ट ओघाने येईलच.

कॉल आणि पगमार्क

आपण चंद्रपूरकर, त्यामुळे ताडोबाचं उदाहरण सगळ्यांना पटेल. जिप्सीत बसल्यावर वाघ लगेच दिसत नाही. आधी दिसतात त्या खुणा. झाडावरून वानर ओरडलं, चितळाने कॉल दिला, की गाइड गाडी थांबवतो. मातीत पगमार्क दिसला की खाली वाकून बघतो, ताजा आहे की कालचा. नवखा पर्यटक प्रत्येक कॉलला "वाघ! वाघ!" करतो. मुरलेला गाइड मात्र खुणांची प्रतवारी करतो.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीतही तसंच. कुणाच्या तरी मित्राने ऐकलेली बातमी म्हणजे नुसता कॉल. कंपनीच्या तोंडून निसटलेला शब्द हा त्याहून बरा. कंपनीच्या कागदपत्रात बदललेली तारीख म्हणजे ताजा पगमार्क. आणि फुटलेली आवृत्ती, म्हणजे लीक झालेलं बिल्ड, म्हणजे झुडपातून दिसणारं शेपूट!

२०२१ चा जून

विंडोज ११ येईल असं कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच जेरी निक्सन यांनी एका परिषदेत सांगितलं होतं, की विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती आहे. म्हणजे यापुढे नंबर नाही, नुसते अपडेट. लोकांनी ते धरून ठेवलं.

मग २०२० च्या अखेरीस 'सन व्हॅली' हे सांकेतिक नाव कानावर यायला लागलं. विंडोजचं रूप पालटणार, एवढंच त्यातून कळत होतं. मे २०२१ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. दोन स्क्रीनच्या मशीनसाठी आखलेली 'विंडोज १० एक्स' कंपनीने बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं, आणि २५ मे रोजी सत्या नाडेला यांनी दशकातल्या सर्वांत महत्त्वाच्या अपडेटांपैकी एक लवकरच येत असल्याचं सांगितलं. झालं! अंदाजांना ऊत आला.

२ जूनला आमंत्रण निघालं. कार्यक्रम २४ जूनला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी ११ वाजता. आमंत्रणाच्या चित्रात विंडोजची खिडकी आणि जमिनीवर पडलेला तिचा उजेड. खिडकीला आडवी पट्टी होती, पण उजेडात ती नव्हती. दोनच उभे पट्टे. म्हणजे ११! १० जूनला कंपनीने एक व्हिडिओ टाकला. विंडोज ९५, एक्सपी आणि विंडोज ७ सुरू होतानाचे आवाज अतिशय संथ करून लावलेले. व्हिडिओची लांबी? ११ मिनिटं! जूनच्या मध्यावर लोकांच्या नजरेस पडलं, की कंपनीच्या पानावर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपेल असं लिहिलं आहे. हा खरा पगमार्क. जुनी संपणार म्हणजे नवी येणारच.

आणि १५ जूनला शेपूट दिसलं. २१९९६ क्रमांकाचं बिल्ड फुटलं. टास्कबारची चिन्हं मधोमध आलेली, खिडक्यांचे कोपरे गोल झालेले, स्टार्ट मेन्यू नवा, सुरू होतानाचा आवाजही नवा. नाव लख्ख लिहिलेलं : विंडोज ११.

मामाचं दुकान

त्या वर्षी आमची दहावीची बोर्डाची परीक्षा कोरोनामुळे रद्द झाली होती. निर्बंध थोडे सैल झाल्यावर मी मूलमार्गे एसटीने मामाकडे चामोर्शीला गेले. मामाचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. जातीचा दाखला, सातबारा, स्कॉलरशिप, सीईटी. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं सकाळपासून येऊन बसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांसाठी 'कॉम्प्युटर' म्हणजे मामाचा कॉम्प्युटर.

मामाचं जुनं मशीन धापा टाकत होतं. त्याला दोन सेकंडहँड मशीन मिळत होती, सहाव्या जनरेशनच्या आय-फाइव्हची, चौदा हजारांना एक. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, तेव्हा हे अठ्ठावीस हजार त्याने कसे साठवले असतील ते त्यालाच ठाऊक. मी त्याला लीक झालेले व्हिडिओ दाखवत होते. गोल कोपरे बघ, मधला स्टार्ट बघ, अपग्रेड फुकट मिळणार म्हणतात! मामाने सगळं शांतपणे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "काय वं, आपल्या मशीनवर चालन का हे?"

मी म्हटलं, "मामा, दहा चालते तिथे अकरा चालणारच. घेऊन टाक!"

२२ जूनला मशीन दुकानात आली.

वटपौर्णिमेची रात्र

२४ जूनला वटपौर्णिमा होती. मामीचा उपास, आणि आमचं सगळं लक्ष रात्रीच्या साडेआठकडे, कारण तिकडचे सकाळचे ११ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. नेट अडखळत होतं, चित्र थांबत होतं, तरी आम्ही बघितलं. पॅनोस पनाय बोलत होते आणि मी प्रत्येक गोष्टीला "हे मी सांगितलं होतं!" करत होते. नाव बरोबर, टास्कबार बरोबर, गोल कोपरे बरोबर, फुकट अपग्रेडही बरोबर. अँड्रॉइड अॅप चालणार, हे तेवढं अनपेक्षित होतं. (पुढे ती सोय मार्च २०२५ मध्ये बंदही झाली.)

मग अटी वाचल्या. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, इथवर ठीक. पुढे टीपीएम २.०, सिक्युअर बूट, आणि प्रोसेसर ठरावीक यादीतलाच. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. मामाची मशीन सहाव्या जनरेशनची! मशीन तपासायला दिलेलं प्रोग्रॅमही सुरुवातीला नुसतं 'चालणार नाही' एवढंच सांगायचं, कारण सांगायचं नाही. जगभर इतका गोंधळ उडाला की चार दिवसांत, २८ जूनला, ते मागे घेतलं गेलं. ऑगस्टमध्ये यादी थोडी वाढली, पण सातव्या जनरेशनचे मोजकेच प्रोसेसर आत आले. सहावी बाहेर ती बाहेरच.

मला सर्वांत जास्त काय लागलं सांगू? खूण आधीच दिसली होती. लीक झालेलं बिल्ड टाकून बघणाऱ्या काही जणांना टीपीएम नाही म्हणून मशीनने अडवलं होतं. त्यावर तोडगाही कुणीतरी सांगितला होता. मी ते वाचलं होतं आणि 'कच्चं बिल्ड आहे, असेल काहीतरी' म्हणून पुढे गेले होते. शेपटाचा रंग बघत बसले, वाघ कुठल्या दिशेला चाललाय ते बघितलंच नाही. निदान "मामा, दहा दिवस थांब" एवढं तरी सांगायला हवं होतं.

मामा रागावला नाही. "जाऊ दे वं, दहा त चालू आहे ना," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

हे टीपीएम काय प्रकरण आहे?

सोपं आहे. आपल्या रूमला कुलूप असतं, पण किल्ली दारावरच्या खिळ्याला टांगलेली असली तर त्या कुलपाचा उपयोग काय? कॉम्प्युटरमध्ये डेटा कुलूपबंद करायच्या किल्ल्या हार्ड डिस्कवरच ठेवल्या तर तोच प्रकार होतो. टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची वेगळी तिजोरी. मदरबोर्डवरची एक छोटी चिप, किंवा प्रोसेसरमधलाच एक भाग. मशीन सुरू होताना मधे कुणी काही बदललं आहे का, याची नोंदही ती ठेवते. म्हणजे अट निरर्थक नव्हती. पण सुरक्षिततेसाठी घातलेल्या अटीमुळे चांगली चालती मशीन बाहेर राहिली, हेही तितकंच खरं. तेव्हा विंडोज १० जगात १३० कोटींहून जास्त मशीनवर चालू होती. त्यांतली किती बाहेर राहणार, हा प्रश्न अंदाज बांधणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारला.

याआधीही असंच

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये जग 'विंडोज ९' ची वाट बघत होतं, कारण ८ नंतर ९ येतो हे पहिलीतल्या मुलालाही कळतं. ३० सप्टेंबरला जाहीर झाली विंडोज १०! त्याआधी 'लाँगहॉर्न' या सांकेतिक नावाभोवती तर काही वर्षं स्वप्नं रचली गेली. फाइल शोधायची पद्धतच बदलून टाकणारी 'विनएफएस' त्यात येणार होती. ऑगस्ट २००४ मध्ये ती वगळली, आणि जानेवारी २००७ मध्ये लोकांच्या हाती आली ती व्हिस्टा. अपेक्षा जितकी फुगली होती, तितकी निराशाही मोठी झाली.

उलट, खरोखर उपयोगाची गोष्ट कधीकधी गाजावाजा न होता येते. मामा सांगतो, पूर्वी मराठी टायपिंग म्हणजे प्रत्येक दुकानाचा वेगळा फॉन्ट. इथली फाइल तिथे उघडली की नुसती कचराअक्षरं. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, आणि तिच्यासोबत आला 'मंगल' हा फॉन्ट. तो घडवला आपल्या र. कृ. जोशी यांनी. तरी एक्सपीच्या काळात मराठी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन वेगळी टिक करावी लागायची आणि सीडी घालावी लागायची. व्हिस्टापासून ती कटकट गेली. आज मामाच्या दुकानात मराठी अर्ज भरला जातो, त्यामागे ही गोष्ट आहे. गोल कोपऱ्यांपेक्षा तिने कितीतरी जास्त माणसांचं काम केलं.

मग करायचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ आली आणि गेली. विंडोज १० बंद पडली नाही, पण तिचे नेहमीचे फुकट सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाची, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय जाहीर झाली. तुमचं मशीन अजून दहावरच असेल तर आधी विंडोज-की आणि आर दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' टाइप करा. टीपीएम नाही असं दिसलं तरी लगेच हताश होऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये 'पीटीटी' आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम' या नावाने शोधा. प्रोसेसर यादीबाहेरचा असेल तर आडवाटेने ११ टाकता येते, आपल्या विंगमध्ये चार जणींनी टाकलीही आहे, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. दुकानासारख्या ठिकाणी, जिथे दुसऱ्यांचे आधार नंबर आणि बँकेचे तपशील टाइप होतात, तिथे मी ते करणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी चामोर्शीला गेले, तेव्हा मामाच्या एका मशीनवर लिनक्स मिंट टाकून दिली. फॉर्म भरायचं बहुतेक काम ब्राउझरमध्येच होतं, त्यामुळे मामाला दोन दिवसांत हात बसला. दुसऱ्या मशीनची नेटची केबल काढली. ते आता फक्त टायपिंग आणि प्रिंटसाठी. अठ्ठावीस हजार अगदीच पाण्यात गेले नाहीत. चार वर्षं त्या मशीननी काम दिलं आणि अजून देत आहेत. पण ते मामाच्या नशिबाने. त्यात माझ्या अंदाजाचं श्रेय काही नाही.

तर मंडळी, अंदाज बांधू नका असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यात मजा आहे, आणि खुणा वाचायला शिकणं हे इंजिनिअरिंगच आहे. नवीन काही येणार म्हटलं की मी अजूनही रात्री जागते. फक्त आता कुणी विचारलं, की आपल्या मशीनवर चालेल का, तर मी म्हणते, "अटी छापून येऊ दे, मग सांगते."

मिंट टाकून झाल्यावर मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "काय वं, प्रिंटरवर चालन का हे?"

या वेळी मी आधी प्रिंट काढून बघितली, आणि मगच 'हो' म्हटलं.