डोक्यातली चाई

अंधेरीची चाळ असो की मुलुंडचा पाडा, मुलाच्या डोक्यात रुपयाएवढे गुळगुळीत टक्कल दिसले की घरात पहिला शब्द निघतो, "किडा लागला!" मग कुणी कांदा चोळतो, कुणी लसूण, कुणी गुंज उगाळतो.

मंडळी, ही चाई, आयुर्वेदातले इंद्रलुप्त. यात किडा नाही. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांवर उलटतात. मुळे मरत नाहीत. म्हणून लहानशा चाईतले केस पुष्कळदा वर्षाच्या आत आपोआप येतात, आणि श्रेय मिळते कांद्याला!

तरी कांद्याला अगदीच हसू नका. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या बगदादच्या एका प्रयोगात २३ जणांनी दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला. सहा आठवड्यांत २० जणांना केस आले. नुसते पाणी लावणाऱ्या १५ जणांत दोघांनाच. प्रयोग लहान आहे, पण रस लावून पाहायला हरकत नाही. कातडी लाल होऊन सोलू लागली, की मात्र थांबा.

गुंजेची गोष्ट वेगळी. बोरिवलीच्या रानात तिचे वेल आहेत, सुश्रुतसंहितेत तिचा लेपही आहे. पण बी जहाल विषारी. खरवडलेल्या डोक्यावर घरी चोळू नये. बिब्बा तर नकोच, त्याने कातडी भाजते.

आणि गुरुजी, चाईच्या मुलाला वेगळे बसवू नका. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, तुटके केस दिसले तर तो बहुधा नायटा. तो कंगव्याटोपीतून पसरतो. त्याला वरचा लेप पुरत नाही, डॉक्टरांकडून पोटात घ्यायचे औषधच लागते.