मोतीबिंदूनंतरचे धुके

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची धास्ती आता फारशी कोणी घेत नाही. वाशी-नेरूळकडील आजीआजोबा सकाळी दवाखान्यात जातात, संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी येतात आणि बहुतेकांना चांगले दिसू लागते. परंतु थोड्या जणांच्या वाट्याला निराळाच अनुभव येतो. सकाळी उठावे तो डोळ्यांपुढे धुके. दुपारपर्यंत ते विरते. पुढे पुढे दिवसभर टिकते. मग डोळा खुपतो, पाणी गळते. ‘वयच झाले’ म्हणून घरची माणसे विषय सोडून देतात. वास्तविक दोष पुष्कळदा पारपटलात, म्हणजे कॉर्नियात असतो.

पारपटल ही डोळ्याची पुढची काच होय. मध्यभागी तिची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. तिच्या आतल्या अंगास पेशींचा एकच थर असतो. प्रौढपणी दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी. डोळ्यातले पाणी या काचेत सतत झिरपते आणि या पेशी ते उपसून काढतात. नवी मुंबईकरांना हे समजायला कठीण नाही. आपल्या शहराचे काही भाग भरतीच्या पातळीखाली आहेत. धारण तलाव, झडपा आणि पंप पाणी बाहेर काढतात म्हणून ते कोरडे राहतात. मात्र बिघडलेला पंप बदलता येतो. या पेशी एकदा गेल्या की माणसाच्या डोळ्यात सहसा पुन्हा होत नाहीत. वयाने त्या घटतात, शस्त्रक्रियेत आणखी काही जातात. संख्या ५०० च्या आसपास उतरली की काच सुजते. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी उडून जात नाही. म्हणून सकाळचे धुके दाट.

१९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमोउत्स येथे पहिले यशस्वी पारपटलरोपण केले. पुढे अनेक दशके सबंध काच बदलण्याचीच रीत होती. त्यात टाके पुष्कळ, आणि दृष्टी स्थिर व्हायला वर्ष वर्ष लागे. १९९८ साली हॉलंडच्या गेरिट मेलेस यांनी फक्त मागचा थर बदलण्याची रीत मांडली. बारीक छेदातून दात्याचा पातळ थर आत सरकवतात आणि हवेच्या बुडबुड्याने तो वर टेकवतात. म्हणून रुग्णाला काही काळ उताणे निजावे लागते. डोळा मजबूत राहतो, शरीराने तो थर नाकारण्याचा धोका कमी होतो आणि बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत दिसू लागते.

पण सूज फार दिवस राहिली तर काचेत कायमचे व्रण पडतात. मग नुसता थर बदलून भागत नाही. तेव्हा सकाळचे धुके अंगावर काढू नये, हे आमचे पहिले सांगणे.

दुसरे नेत्रदानाविषयी. हा थर मृत दात्याच्या डोळ्यातूनच मिळतो. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया यांची सहसा आडकाठी नसते. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि नेत्रपेढीला कळवावे. त्या दुःखाच्या घटकेला संमती घरच्यांनीच द्यायची असते. म्हणून आपली इच्छा त्यांच्या कानांवर आजच घालून ठेवावी.